कात्राबाईच्या खाली, दोन लिटर पाण्यावर

कात्राबाईच्या खिंडीखाली, वाळल्या गवताच्या उतारावर आमचा मित्र बोलायचा थांबला, तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते. हा गृहस्थ एरवी झोपेतही बोलतो. आधी डोकं दुखतंय म्हणाला, मग पोटऱ्यांत गोळे आले, आणि आता एका दगडाला टेकून तो नुसता समोर बघत होता. तिघांत मिळून अर्धा लिटर पाणी उरलं होतं. महिना मार्चचा, शेवटचा आठवडा.

बेत कागदावर देखणा होता. पाचनईत गाडी लावायची, हरिश्चंद्रगड चढायचा, उतरून पेठेची वाडी, कुमशेत, कात्राबाईची खिंड, रतनवाडी, रतनगड, आणि शेंडी-राजूरमार्गे जीपनं परत पाचनई. तीन मुक्काम. दोन्ही गड आम्ही पूर्वी केलेले होते, पण एक भर पावसात आणि दुसरा डिसेंबरात. आमची खरी चूक तिथंच झाली. सह्याद्रीत ‘मी केलाय’ म्हणताना महिना सांगितला नाही, तर त्या म्हणण्याला काही किंमत नाही. डिसेंबरात ज्या ओढ्यात आपण पाय बुडवून पोहे खाल्ले, त्या ओढ्यात मार्चमध्ये दगडं तेवढी असतात. आमच्या मोबाइलमध्ये उतरवून घेतलेली वाटही पावसाळ्यानंतर कुणीतरी चाललेली होती. तिच्यावर ‘झरा, बारमाही’ अशी खूण होती. त्या जागी आम्हाला शेवाळाचा वाळलेला पापुद्रा मिळाला.

दुसरी चूक कोकणकड्यावर झाली, आणि ती गोड असल्यामुळं जास्त महागात पडली. पहिली रात्र गडावर, हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाजवळ. टाक्यांत पाणी, केदारेश्वराच्या गुहेत पिंडीभोवती गार पाणी. पाण्याची चिंता करायची असते हेच आम्ही विसरलो. पहाटे निघायच्या ऐवजी कड्यावर जाऊन बसलो. कर्नल साइक्सनं इथं इंद्रवज्र, म्हणजे गोल इंद्रधनुष्य, पाहिल्याचं सांगतात. त्याला खाली दरीत धुकं आणि पाठीमागं ऊन लागतं. मार्चमध्ये धुकं कुठून यायचं? तरी बसलो. पाचनईला उतरेपर्यंत दुपार झाली, मुळा नदीचं पात्र ओलांडून कुमशेतला पोचेपर्यंत अंधार. ज्या घरी उतरलो तिथल्या मावशींनी भाकरी आणि पिठलं वाढलं आणि बजावलं, “कोंबडा आरवला की निघा, ऊन चढायच्या आत खिंड गाठा.” आम्ही नऊला निघालो. एका सकाळचा आळस दोन दिवस वसूल होत राहिला.

कुमशेतच्या बाजूनं खिंडीचा चढ उघडा आहे. काळा कातळ नऊ-दहालाच तापतो आणि उन्हाइतकीच झळ खालूनही लागते. आम्ही माणशी दोन लिटर घेतलं होतं. अशा दिवसांत चार लिटरच्या खाली निघूच नये. ओझं होतं म्हणणाऱ्यांनी कपडे कमी करावेत. तंबू, कॅमेऱ्याची तिवई, स्पीकर (हो, तोही होता) असं सगळं आम्ही वाहत होतो.

त्यात वाट चुकलो. खरं तर चुकलो असं वाटलंच नाही, कारण पायाखालची वाट रुंद आणि मळलेली होती. ढोरवाटा अशाच फसवतात. माणसाची वाट कुठंतरी जायला निघालेली असते, खिंडीकडे, वाडीकडे नाहीतर पाण्याकडे. गुरांची वाट गवतामागं जाते, उताराला आडवी पसरते, तिला फाटे फुटतात आणि गवत संपलं की तीही संपते. ओळखायची खूण नंतर कळली: खाली बघू नका, डोक्याच्या उंचीला बघा. माणसांच्या वाटेवर कारवीचे दांडे, झाडांच्या फांद्या कोयत्यानं छाटलेल्या दिसतात. फांद्या तोंडावर आपटायला लागल्या आणि खाली वाट मात्र साफ असली, तर तुम्ही म्हशीच्या मागं चालला आहात.

मोबाइलवर आमची वाट तीस मीटरवर दिसत होती. ती तीस मीटर डोक्यावर होती, मध्ये कडा. एक जण म्हणाला, सरळ चढू. वाळलेलं गवत आणि त्याखाली घसारा, दोन पावलांत त्याचा पाय सटकला. तो कारवीला धरून थांबला, हातातली बाटली मात्र टणटणत खाली गेली. तेव्हा बसलो. चुकल्यावर केलेली शहाणपणाची गोष्ट तेवढीच: शेवटची खात्रीची जागा आठवून परत फिरायचं ठरवलं, आणि आधी मित्राला एका खडकाच्या बोटभर सावलीत बसवलं. बूट काढले, ओला रुमाल मानेवर ठेवला, उरलेलं पाणी मीठ-साखर घालून घोट-घोट दिलं. लिटरला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण. आम्ही अंदाजानं टाकलं. तो शुद्धीत होता, विचारलेल्याला नीट उत्तर देत होता म्हणून एवढ्यावर भागलं. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजायला लागलं, तर मिळेल त्या पाण्यानं अंग भिजवायचं, वारा घालायचा आणि मदत बोलवायची. वाट शोधत बसायचं नाही.

शिट्टी वाजवली. बऱ्याच वेळानं खालून उत्तर आलं आणि मग एक गुराखी बाबा, सत्तरीचे असतील. “रतनवाडीची वाट हीच का?” मी विचारलं. “हीच की,” ते म्हणाले. मग थोडं थांबून, “पर ही गुरांची हाय.” डोंगरातली माणसं पाहुण्याला नाही म्हणत नाहीत. ‘हीच का’ विचारलं तर होच ऐकू येणार. ‘कुठली’ असं विचारावं, आणि ‘पाणी आहे का’ ऐवजी ‘तुम्ही आज कुठं प्यालात’ असं.

त्यांनी आम्हाला मागं नेलं, एका कोरड्या ओढ्यात. मोठ्या दगडाआड हातभर खोल झिरा खणलेला होता, वर पानं झाकलेली. आमच्या कोरड्या झऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. ऊन उतरेपर्यंत तिथंच बसवून ठेवलं, मग स्वतः खिंडीपर्यंत आले. पलीकडे रतनवाडीपर्यंत दाट रान, सावली. रतनगड सोडून दिला, रात्री रतनवाडीतच, अमृतेश्वराच्या देवळाच्या गावात झोपलो.

खिंडीत पैसे पुढं केले तर बाबांनी हात मागं घेतला. रिकाम्या बाटल्या असतील तर द्या म्हणाले, रानात पाणी न्यायला बऱ्या पडतात. दोन दिल्या. तिसरी घरंगळून गेल्याचं सांगितलं.

“ती गावंल मला,” ते म्हणाले. “गुरं तिकडंच जात्यात.”