किल्लीआधी दोन फेरे

बाळा, आल्टोचा टायमिंग बेल्ट घरीच बदलायचं तू मनावर घेतलंस, हे ऐकून बरं वाटलं. उस्तादांनी मला जे शिकवलं आणि पुढे गॅरेजमध्ये हात काळे करून जे कळलं, ते तुला सांगतो.

तुझ्या ७९६ सीसीच्या इंजिनात दातेरी रबरी बेल्ट आहे. के-सिरीजच्या इंजिनांत चेन असते, तिथे हे काम नसतं. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक व्हायला हवा, हा हिशोब बेल्ट सांभाळतो. ३००० आरपीएमला एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. बेल्ट तुटण्याआधी बहुतेक वेळा आवाजही करत नाही. म्हणून गाडीच्या पुस्तकात दिलेले किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी भरेल तेव्हा तो बदलायचा. गाडी नुसती उभी असली तरी रबर म्हातारं होतंच. जुनी गाडी घेतलीस आणि आधीचा बेल्ट कधी टाकला ते कळत नसेल, तर नवा टाकून मोकळा हो.

इंजिन पूर्ण गार होऊ दे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ, हँडब्रेक लाव, मागच्या चाकांना दगड लाव. गाडीखाली हात घालायचा असेल तर नुसत्या जॅकवर भरवसा नको, स्टँड लावायचेच. तिन्ही स्पार्क प्लग काढून ठेव, म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं. क्रँक पुलीचा बोल्ट सैल करायला स्टार्टर कधी मारू नकोस.

जुना बेल्ट काढण्याआधी खुणा जुळव. क्रँकच्या बोल्टला पाना लावून पुलीच्या बाजूने बघत घड्याळाच्या दिशेने फिरव, उलटं नाही. क्रँकची खूण जुळली म्हणून थांबू नकोस, कॅमकडे बघ. ती खूण भलतीकडे असेल तर क्रँकला अजून एक फेरा दे. दोन्ही जुळल्या की व्हाइटनरचा बारीक ठिपका दे आणि मोबाइलवर फोटो काढून ठेव. बेल्ट निघाल्यावर क्रँक किंवा कॅम उगाच फिरवायचा नाही.

आत तेलाचा ओलावा दिसला तर ऑइल सील आधी बदल, तेल रबराला खातं. टेन्शनरचं बेअरिंग बोटाने फिरवून बघ. खरखर लागली तर नवं टाक. खरं म्हणजे एवढं उघडलंच आहे, तर नवंच घाल. ज्या गाडीत वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो, तिथे पंपही याच वेळी तपासायचा.

नवा बेल्ट मुडपू नकोस, पिळू नकोस, स्क्रू ड्रायव्हरने ढकलून चढवू नकोस. आतले धागे तुटले तर वरून दिसत नाहीत. क्रँकपासून चढवायला घे, टेन्शनरच्या समोरची बाजू ताठ ठेव, ढिलाई टेन्शनरकडे येऊ दे. स्प्रिंगचा टेन्शनर असेल तर स्प्रिंगलाच ताण देऊ दे, पहार घालून ओढू नकोस. बोल्ट टॉर्क रेंचने, पुस्तकातल्या आकड्याइतकेच आवळ.

आता सगळ्यात मोलाची गोष्ट. उमेदवारीच्या पहिल्या वर्षी मी एका गाडीचा बेल्ट एक दात चुकवून बसवला. गाडी सुरू झाली, पण आयडलला थरथरत होती आणि चढावर दम नव्हता. उस्ताद ओरडले नाहीत. सगळं पुन्हा उघडायला लावलं आणि माझा हात पान्यावर ठेवून म्हणाले, “हाताने फिरव, हाताला कळतं.” तेव्हापासून माझा नियम ठरला: बेल्ट बसला की क्रँकला हाताने पूर्ण दोन फेरे. दोन यासाठी, की तेवढ्यात कॅमचा एक फेरा होतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतो. मध्ये कुठे टणक अडलं तर जोर लावायचा नाही, बेल्ट काढून पुन्हा जुळवायचा. दोन फेऱ्यांनंतर खुणा जागेवर आल्या, तरच कव्हर लावायचं.

शेवटी तारीख आणि किलोमीटर लिहून बॉनेटच्या आत चिकटव. पहिल्यांदा करताना जाणता माणूस शेजारी असू दे. आणि किल्लीला हात लावण्याआधी हाताने दोन फेरे दे. बाकी काही विसरलास तरी चालेल, हे विसरू नकोस.