नळीच्या किल्लीचे कुलूप : पाहून ओळखण्याचा पाठ

चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळल्यामुळे अनेक गावांत पाणी शुद्ध करणारी यंत्रे बसविण्यात आली. नाणे टाकावे आणि कॅन भरून न्यावा, अशी त्यांतील काहींची व्यवस्था आहे. नाण्यांच्या पेटीवर बहुधा एक लहानसे, चकचकीत, वाटोळे कुलूप असते. त्याच्या तोंडाशी नेहमीची उभी चीर नसून गोल कडे दिसते. हे नळीच्या किल्लीचे कुलूप होय. गावाने जमा केलेली पाणीपट्टी या एवढ्याशा वस्तूच्या भरवशावर असते. परंतु किल्ली हरवेपर्यंत तिच्याकडे कोणी निरखून पाहत नाही.

गडचिरोलीच्या दक्षिण भागातील एका गावी अशीच किल्ली हरवली. ‘गोल किल्ली पाठवावी’ एवढेच पत्रात लिहिले गेले. आलेली किल्ली गोल होती, मात्र कुलपात बसेना. दुसरी बसली, पण फिरेना. एवढ्यात पावसाळा लागला. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा मार्ग कसा बंद पडतो, हे त्या भागात नोकरी केलेल्यांस सांगावयास नको. पेटी उघडेना आणि आतील खण भरल्यामुळे यंत्र नाणे घेईना. लोक पुन्हा हातपंपावर गेले. सपाट किल्लीची नक्कल तालुक्याच्या बाजारात करून मिळते, तशी नळीची सहसा मिळत नाही. तिला निराळे यंत्र लागते. म्हणून कुलूप पाहून त्याचे अचूक वर्णन करता येणे, हे या जिल्ह्यांत विशेष उपयोगाचे ठरते.

प्रथम एक घोटाळा दूर करावयास हवा. जुन्या पेट्यांच्या व टेबलांच्या खणांच्या काही किल्ल्यांची दांडीही पोकळ असते; परंतु त्या किल्लीच्या टोकाला बाजूस पाते असते आणि तेच आतील तरफा उचलते. ते तरफांचे कुलूप. त्याचा या प्रकाराशी संबंध नाही. अर्देशर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपे बनविण्यास आरंभ केला, तेव्हापासून तरफांच्या कुलपांचा आपल्याकडे चांगला परिचय आहे. नळीच्या किल्लीला पाते नसते. तिच्या नळीच्या कडेवरच कमी-अधिक खोलीच्या खाचा कोरलेल्या असतात. अमेरिकेतील शिकागो येथील एका कारखान्याने १९३३च्या सुमारास हा प्रकार बाजारात आणला. पुढे १९८४च्या आयबीएम संगणकाच्या पेटीवरही असे कुलूप होते, आणि शाळांतून आलेल्या जुन्या संगणकांवर ते पाहिल्याचे काही शिक्षकांना स्मरत असेल.

आता बॅटरीच्या उजेडात कुलपाच्या तोंडात पाहावे. मध्यभागी एक लहान खांब, त्याभोवती कड्यासारखी पोकळी आणि त्या पोकळीत वर्तुळाने मांडलेली बारीक टिंबे दिसतील. ही टिंबे म्हणजे आतील खुंट्यांची टोके होत. प्रत्येक खुंटीमागे स्प्रिंग असते. किल्ली आत दाबली असता प्रत्येक खुंटी ठरावीक खोलीपर्यंत मागे जाते, सर्व खुंट्यांचे सांधे एका पातळीत येतात आणि मगच कुलूप फिरते. खुंट्या मोजाव्यात, सात असणे सर्वसामान्य, पण आठ किंवा त्याहून कमी-अधिक खुंट्यांची कुलपेही मिळतात. घाईने मोजल्यास सातचे आठ होतात, म्हणून दोघांनी स्वतंत्र मोजणे बरे. काही मोजक्या कुलपांत मधल्या खांबाच्या पोटातही एक खुंटी असते.

नंतर बाहेरच्या कड्यावरील खाच पाहावी. किल्लीवरचा उंचवटा याच खाचेतून आत जातो. बहुतेक कुलपांत ती दोन खुंट्यांच्या बरोबर मध्यावर असते, तर काहींत डावीकडे वा उजवीकडे सरकलेली असते. वर सांगितलेल्या गावी आलेली दुसरी किल्ली फिरली नाही ती याच फरकामुळे. खाच एकच असेल तर कुलूप उघडे असताना किल्ली निघत नाही, ती तेथेच अडकून राहते. विसराळू माणसासाठी हीच सोय उत्तम. खाचा दोन असतील तर किल्ली दोन्ही स्थितींत काढता येते.

खुंट्यांची टोके साधारणपणे एका पातळीत दिसतात. म्हणून नुसत्या नजरेने किल्लीच्या खाचा कळत नाहीत. एखादे टोक खोल गेलेले दिसले तर खुंटी गंजाने अडकली असावी किंवा स्प्रिंग तुटली असावी. मधल्या खांबावरही एक खाच असते. ती बाहेरच्या खाचेच्या समोर नसेल, तर कुलूप अर्धवट फिरलेले आहे असे समजावे. टोकांवर ताजे ओरखडेही असतील तर कोणीतरी हात घातला असण्याचा संभव आहे. अशा वेळी किल्ली घालून झटापट करू नये. आधी पंचनामा व्हावा.

या कुलपावर विश्वास किती ठेवावा? २००४ साली अमेरिकेत क्रिप्टोनाइट कंपनीची सायकलची महागडी कुलपे साध्या पेनाच्या नळीने उघडल्याचे उघडकीस आले आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली. सर्वच कुलपे तितकी कच्ची नसतात, परंतु स्वस्त मालात एकाच किल्लीने अनेक कुलपे उघडल्याची उदाहरणे आहेत. शेजारच्या गावात त्याच बनावटीचे यंत्र असेल, तर दोन्ही किल्ल्या एकमेकांत घालून पाहाव्यात. नाणी रोज संध्याकाळी दोघांसमक्ष मोजून काढावीत. बांबू व तेंदूपानांच्या व्यवहाराची वाहतूक परवाना-पुस्तके, धनादेश आणि ग्रामसभेची पासबुके अशा कुलपामागे ठेवू नयेत. त्यांना तरफांचे जाड कुलूप असलेले पोलादी कपाट हवे.

कुलपाच्या तोंडावर क्रमांक कोरलेला असल्यास तो नोंदवहीत उतरवून घ्यावा, आणि वहीदेखील कुलपात ठेवावी. कारण त्या क्रमांकावरून कोणासही किल्ली करून घेता येणे शक्य असते. किल्ली मागविताना पत्रात पुढीलप्रमाणे लिहावे : ‘नाणेपेटीचे कुलूप, नळीची किल्ली. खुंट्या सात, मधल्या खांबात खुंटी नाही. बाहेरची खाच एक, वरच्या बाजूस, दोन खुंट्यांच्या मध्यावर. मधल्या खांबाची व बाहेरच्या कड्याची जाडी मोजून सोबत दिली आहे. क्रमांक बंद पाकिटात.’