बंबाची सवय, रॉडची बादली

पाणी तापलं का, हे बोट घालून बघायची सवय आपल्याकडे बंबाच्या काळापासूनची. खाली लाकडं जळणाऱ्या तांब्याच्या बंबाला ती चालून जायची; विजेच्या रॉडला चालत नाही. साताऱ्यात माझ्या सासूबाईंनी चालू रॉडच्या बादलीत बोट घातलं आणि जोराचा झटका बसून त्या मागे पडल्या. रॉडच्या नळीला बारीक चीर गेली होती आणि जुन्या घरातली अर्थिंगची तार भिंतीतच तुटलेली. त्या वाचल्या, हे आमचं नशीब.

त्यांनी बोट घातलं, कारण नेहमीच्या वेळेत पाणी तापलंच नव्हतं. ती वेळ आमच्या घरात माझ्या माहेरून, सांगलीहून आलेली. तिथं २० लिटरची बादली आणि १५०० वॉटचा रॉड, की १७ मिनिटांत अंघोळीचं पाणी तयार. साताऱ्यात तेवढ्या वेळात ते नुसतं कोमट होई. नंतर थर्मामीटर लावून पाहिलं. हिवाळ्यात सांगलीच्या नळाचं पाणी २४ अंश, आमच्या साताऱ्याच्या गच्चीवरच्या टाकीतलं पहाटे १६.

हिशेब सोपा आहे. किती लिटर आणि किती अंशांनी तापवायचं, यांचा गुणाकार करा. त्याला १४ नं भागा, मग रॉडच्या किलोवॉटनं. येतील ती मिनिटं. एक लिटर पाणी एक अंशानं तापायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात आणि एक किलोवॉटचा रॉड मिनिटाला ६० देतो. १४ येतात ते त्यातून. अंघोळीला ४२ अंश धरले, तर सांगलीत १८ अंश चढवायचे, म्हणजे १७ मिनिटं; साताऱ्यात २६ अंश, म्हणजे २५.

ऊसपट्ट्यात आणखी एक गोष्ट धरावी लागते. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज उतरतं. २३० चं २०० झालं, तर रॉडची ताकद जवळजवळ चौथाईनं घटते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. मग साताऱ्याची २५ मिनिटं ३३ होतात.

रॉड १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा, एक्स्टेन्शन बोर्डाला नको. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. वेळ झाली की आधी बटण बंद, मग पिन काढायची, रॉड बाहेर घ्यायचा. गरम पाणी वर राहतं, म्हणून तांब्यानं ढवळायचं, आणि हात त्यानंतर.