लॉगबुकातील वेग कितपत खरा?

एखाद्या कार्यालयाच्या जीपच्या लॉगबुकात पुढील नोंद आहे, असे समजू. निघताना मीटर ४५२१८, वेळ १०.०५, पोहोचताना मीटर ४५२२५, वेळ १०.११. अंतर सात किलोमीटर, वेळ सहा मिनिटे, म्हणजे सरासरी वेग ताशी ७० किलोमीटर. त्या रस्त्यावरील वेगमर्यादा ६० ची. तपासणी अधिकाऱ्यांनी चालकाकडून खुलासा मागविण्याचा शेरा मारला. भागाकार बिनचूक आहे. परंतु शेरा न्याय्य आहे काय? उत्तर देण्यापूर्वी शाळेतील गणिताकडे वळणे इष्ट ठरेल.

सरासरी वेग म्हणजे एकूण अंतराला एकूण वेळेने भागून येणारी संख्या, हे विद्यार्थी पाठ म्हणून दाखवितात. मात्र अंतर व वेळ या संख्या मोजमापातून आलेल्या असतात आणि मोजमाप कोठेतरी थांबते, याकडे वर्गात सहसा लक्ष वेधले जात नाही. पुढील उदाहरण घ्या. एस. टी. ची एक गाडी ४० किलोमीटर अंतर ५० मिनिटांत गेली. अंतर जवळच्या पूर्ण किलोमीटरपर्यंत आणि वेळ जवळच्या दहा मिनिटांपर्यंत दिली आहे. तर तिचा सरासरी वेग किती?

ताशी ४८ किलोमीटर, हे उत्तर अपुरे आहे. खरे अंतर ३९.५ ते ४०.५ किलोमीटर यांच्या दरम्यान असू शकेल, खरी वेळ ४५ ते ५५ मिनिटे यांच्या दरम्यान. वेग कमीत कमी केव्हा? अंतर सर्वांत कमी आणि वेळ सर्वांत जास्त असेल तेव्हा. ३९.५ किलोमीटरला ५५ मिनिटे लागली, तर वेग ताशी सुमारे ४३.१ येतो. उलटपक्षी ४०.५ किलोमीटर ४५ मिनिटांत गेल्यास तो ५४ होतो. हुशार मुलेही येथे चुकतात. लहान संख्येला लहान संख्येने आणि मोठीला मोठीने भागून ती ५२.७ व ४४.२ अशी उत्तरे काढतात. भाजक वाढला की भागाकार घटतो, ही साधी गोष्ट घाईत निसटते.

या विस्ताराला अंतर कारण की वेळ? अंतरातील संभाव्य चूक ४० मध्ये अर्ध्या किलोमीटरची, म्हणजे सव्वा टक्का. वेळेतील ५० मध्ये पाच मिनिटांची, म्हणजे दहा टक्के. वेळ जवळच्या मिनिटापर्यंत मोजली असती तर वेग ४६.९ ते ४९.१ एवढ्या अरुंद पट्ट्यात आला असता. याउलट अंतर शंभर मीटरपर्यंत अचूक मोजून वेळ तशीच ढोबळ ठेवली, तर पट्टा ४३.६ ते ५३.४ असा जवळजवळ पूर्वीइतकाच रुंद राहतो. रस्ता साखळीने मोजून घड्याळाकडे अंदाजे पाहण्यात श्रम मात्र वाया जातात.

आता लॉगबुकाकडे येऊ. येथे आणखी एक बारकावा आहे. मीटरची नोंद जवळच्या किलोमीटरपर्यंतची नसते. पूर्ण झालेला किलोमीटर लिहितात आणि वरचा अंश सोडून देतात. निघताना मीटरवर ४५२१८ असेल, तेव्हा गाडी त्या आकड्यावर नुकतीच आलेली असेल किंवा ४५२१९ च्या उंबरठ्यावर असेल. पोहोचतानाही तसेच. म्हणून दोन नोंदींतील फरक ७ असला, तरी खरे अंतर ६ पेक्षा अधिक व ८ पेक्षा कमी, एवढेच खात्रीने म्हणता येते. घड्याळाचेही तेच, सहा मिनिटे म्हणजे पाच व सात यांच्या दरम्यानची कोणतीही वेळ. परिणामी वेग ताशी सुमारे ५१ ते ९६ यांमधील काहीही असू शकेल. एवढ्या नोंदीवरून चालक दोषी ठरत नाही, आणि निर्दोषही ठरत नाही.

तीच जीप ७० किलोमीटर ६० मिनिटांत गेल्याची नोंद असती, तर गोष्ट निराळी होती. वेग पुन्हा ७० च. पण अंतर ६९ पेक्षा अधिक आणि वेळ ६१ मिनिटांपेक्षा कमी असल्याने तो ६७.८ च्या खाली जाऊच शकत नाही. सर्व वाटेवर मर्यादा ६० ची असेल, तर खुलासा मागविणे योग्यच. पुणे-मुंबई लोहमार्ग १९२ किलोमीटरचा. एखाद्या गाडीने तो ३ तास १० मिनिटांत कापला, अंतर किलोमीटरपर्यंत व वेळ मिनिटापर्यंत घेतली, तर वेग ६०.३ ते ६१ च्या पट्ट्यात येतो. अंतर वाढले की अर्ध्या किलोमीटरचे महत्त्व उरत नाही.

सरासरी वेग मर्यादेच्या आत आला, तरी मधल्या उतारावर गाडी भरधाव गेलीच नाही, असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी त्या उताराच्या दोन्ही टोकांना वेळ सेकंदापर्यंत नोंदवावी लागेल.