सेनासन ते स्टुडिओ : अंतर्गत वास्तुरचनेचा अभ्यास

बारावीनंतर पुढे काय, हा प्रश्न दर उन्हाळ्यात आपल्या घराघरांत चर्चिला जातो. वैद्यक, अभियांत्रिकी, अध्यापन, स्पर्धा परीक्षा ही त्याची परिचित उत्तरे. या मार्गांनी आपल्या दोन-तीन पिढ्यांना स्थैर्य दिले, याविषयी कृतज्ञता असावीच. तथापि ज्या मुलामुलींची बोटे सतत काहीतरी रेखाटत असतात, ज्यांना वर्गातील बाके कशी मांडावीत हे आपसूक सुचते, त्यांचा कल आपण 'छंद' म्हणून बाजूला सारतो. अशा विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयीन शिक्षणाची एक शाखा उपलब्ध आहे. तिला अंतर्गत वास्तुरचना किंवा प्रचलित भाषेत इंटिरियर डिझाइन म्हणतात. तिचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विषयाचे स्वरूप

हे शास्त्र म्हणजे श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील पडदे आणि झुंबरे, असा एक समज रूढ आहे. सजावट हा या विषयाचा लहानसा भाग होय. भिंती आणि छप्पर यांच्या आत माणूस कोठे बसेल, कोठे निजेल, उजेड आणि वारा कोठून घेईल, वस्तू कोठे ठेवील आणि दुसऱ्याला अडथळा न होता कसा वावरेल, याचा पद्धतशीर विचार म्हणजे अंतर्गत वास्तुरचना. दवाखान्याचा प्रतीक्षाकक्ष, ग्रंथालय, अंगणवाडी, वसतिगृह आणि दहा बाय बाराची खोली हे सारे तिचेच विषय आहेत.

आपल्या परंपरेतील विचार

बौद्ध परंपरेला हा विचार परका नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भिक्खूंच्या निवासाविषयी एक संपूर्ण प्रकरण आहे. त्याचे नाव 'सेनासनक्खन्धक'. सेनासन म्हणजे शयन आणि आसन. निवासस्थानासाठी योजलेला शब्दच निजण्याच्या आणि बसण्याच्या जागेवरून घडलेला आहे. विहार अंधारे असून डोळ्यांना अपायकारक आहेत, अशी अडचण पुढे आली तेव्हा वेदिकेची, जाळीची आणि शलाकांची अशा तीन प्रकारच्या खिडक्यांना भगवान बुद्धांनी अनुमती दिली, अशी नोंद त्यात आढळते. मंचक व पीठ यांच्या पायांची उंची आठ सुगत-अंगुलांहून अधिक नसावी, असा नियम पाचित्तिय नियमांत आहे. प्रकाश, वायुवीजन आणि फर्निचरची मापे हे आजच्या अभ्यासक्रमातील विषय तेथे आधीच विचारात घेतलेले दिसतात.

सह्याद्रीतील लेणी पाहताना हाच विचार दगडात दिसतो. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे ४५ फूट रुंद आणि जवळजवळ तितकेच उंच आहे. दर्शनी भागातील घोड्याच्या नालाच्या आकाराच्या भव्य गवाक्षातून येणारा उजेड आतील स्तूपाकडे जातो, आणि स्तंभांमागील प्रदक्षिणामार्ग मंद छायेत राहतो. छताच्या प्राचीन लाकडी कमानी आजही जागेवर आहेत. अजिंठ्याचे लेणे क्रमांक १२ हा प्रारंभीच्या काळातील विहार. मध्ये चौकोनी दालन, तीन बाजूंना प्रत्येकी चार अशा बारा खोल्या आणि प्रत्येक खोलीत दगडातच कोरलेले दोन ओटे. दालन सर्वांचे आणि खोली दोघांची, ही वसतिगृहाचीच रचना होय. सहलीत ही लेणी पाहताना शिल्पे आणि चित्रे यांबरोबर मापपट्टीही सोबत न्यावी.

जागा आणि प्रतिष्ठा

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे विद्यार्थीजीवन परळच्या चाळीतील एका खोलीत गेले. वडील रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला अभ्यासासाठी उठवत आणि त्याच्या जागी स्वतः निजत, हा प्रसंग आपणा सर्वांना ज्ञात आहे. आपण त्यातून जिद्दीचा बोध घेतो, तो योग्यच आहे. अंतर्गत वास्तुरचनेचा विद्यार्थी त्यात आणखी एक प्रश्न पाहील: निजणारा आणि वाचणारा एकाच खोलीत कसे सामावतील? पुढे १९३०च्या दशकाच्या आरंभी दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' उभे राहिले, तेव्हा ग्रंथसंग्रहाला त्यात मानाचे स्थान मिळाले. वाचण्याला स्वतंत्र जागा मिळणे ही चैन नसून माणूस म्हणून वाढण्याची अट आहे, हे ज्याने एका खोलीत दिवस काढले त्याला सांगावे लागत नाही.

अभ्यासक्रमात काय शिकवतात

पहिल्या वर्षी हात आणि डोळा तयार केला जातो. मुक्तहस्त चित्र, रंग, प्रमाणबद्ध आरेखन यांवर भर असतो. खोलीचा नकाशा, छेदचित्र आणि दर्शनी चित्र १:५० सारख्या प्रमाणात काढावे लागते. पुठ्ठ्याच्या प्रतिकृती कराव्या लागतात. त्यानंतर मानवी शरीराची मापे येतात. खुर्चीची बैठक साधारण ४५ सेंटीमीटर आणि टेबल ७५ सेंटीमीटर उंच का, स्वयंपाकाचा ओटा ८० ते ८५ सेंटीमीटर असला तरी उंचीने लहान असलेल्या स्त्रीची पाठ का दुखते, उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डावीकडून उजेड का हवा, हे तेथे शिकतात.

पुढील वर्षांत साहित्य, वीज, नळजोडणी, ध्वनी, अंदाजपत्रक आणि संगणकीय आरेखन यांचा समावेश होतो. प्लायवूडचा पत्रा आठ बाय चार फुटांचा असतो. कापणीचा आराखडा आधी केला नाही, तर निम्मा माल भंगारात जातो. अभ्यासाचे केंद्र म्हणजे स्टुडिओ. तेथे विद्यार्थी आठवडेच्या आठवडे एकाच प्रकल्पावर काम करतो आणि अखेरीस परीक्षकांसमोर तो मांडून प्रत्येक रेषेचे कारण सांगतो. या तोंडी परीक्षेला 'ज्युरी' म्हणतात. पाठांतराने तिथे निभाव लागत नाही.

प्रवेशाचे मार्ग

मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयाची स्थापना १८५७ची. अंतर्गत सजावटीचे शिक्षण तेथे दीर्घकाळ दिले जात आहे. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि सेप्ट विद्यापीठ याही नामांकित संस्था होत. बी.डेस. पदवीसाठी आयआयटी मुंबईतर्फे घेतली जाणारी यूसीड ही प्रमुख परीक्षा आहे. ती कला व वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनाही देता येते. बी.डेस. चार वर्षांचे, तर वास्तुविद्येची बी.आर्क. पदवी पाच वर्षांची असते. बी.आर्क.साठी बारावीला गणित आवश्यक आहे. शालेय वयात एलिमेंटरी व इंटरमीजिएट या चित्रकलेच्या शासकीय परीक्षा जरूर द्याव्यात. हाताला वळण लागण्याचा तो सोपा आरंभ आहे.

पालकांसाठी काही स्पष्ट गोष्टी

या शिक्षणाचा खर्च केवळ शुल्कापुरता नसतो. कागद, प्रतिकृतींचे साहित्य आणि संगणक यांची तजवीज आधीच करावी. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, शासकीय वसतिगृहे, स्वाधार योजना आणि परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती उपलब्ध आहेत. निवडलेला अभ्यासक्रम त्यांत बसतो की नाही, याची खात्री प्रवेशापूर्वी करून घ्यावी. आकर्षक जाहिराती करणाऱ्या अल्पमुदतीच्या वर्गांबाबत, पदवी किंवा पदविका कोण देते हे आधी विचारावे.

१९७२च्या वास्तुविशारद कायद्यानुसार 'आर्किटेक्ट' ही उपाधी केवळ नोंदणीकृत व्यक्तीलाच लावता येते. इंटिरियर डिझायनरसाठी त्या कायद्यात नोंदणी नाही. म्हणून येथे पदवीबरोबरच केलेले काम बोलते. खांब किंवा तुळई यांना स्थापत्य अभियंत्याच्या सल्ल्याविना हात लावू नये, ही जबाबदारीही ओघाने येते. आरंभीची काही वर्षे दुसऱ्याच्या कार्यालयात अल्प वेतनावर उमेदवारी करावी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

आपल्या मुलांची शिदोरी

सुतार, गवंडी, रंगारी आणि पॉलिशवाले यांच्या घरांतील मुले या विद्येत मागे नसतात. रंधा कसा चालतो आणि गिलावा कधी सुकतो, हे त्यांनी बालपणीच पाहिलेले असते. निवासी शाळेतील विद्यार्थ्यालाही एक अनुभव जन्मभर पुरतो. एक खाट, एक पेटी आणि एक फळी एवढ्या जागेत त्याने व्यवस्था लावलेली असते, आणि चाळीस जण निजलेले असताना एकाला वाचायचे असेल तर दिवा कोठे हवा, हे तो जाणतो. महाविद्यालयात त्याने हा अनुभव संकोचाने लपवू नये, आपल्या प्रकल्पाचा विषय करावा.

लहान घरे, बुद्धविहार, अभ्यासिका आणि वसतिगृहे यांची नेटकी रचना करणारे हात आपल्या समाजाला हवे आहेत. गावोगावच्या विहारांत आज अभ्यासिका उघडत आहेत. तेथील एका टेबलाची उंची आणि एका खिडकीची जागा अचूक ठरली, तर अनेक मुलांचे वाचन सुकर होईल. माजी विद्यार्थ्यांपैकी जे या क्षेत्रात आहेत, त्यांनी सुटीत शाळेत येऊन मुलांच्या हाती मापपट्टी द्यावी आणि त्यांच्याच शयनकक्षाचा नकाशा त्यांच्याकडून काढून घ्यावा. एवढ्या आरंभातूनही एखाद्या विद्यार्थ्याला आपली वाट गवसू शकते.