जहाजाच्या आवाजातून सागरतळाची ओळख

बाजारात माठ घेताना आपण तो बोटाने वाजवून पाहतो. माठ पक्का आहे की तडकलेला, हे आवाजावरून कळते. समुद्राच्या तळाची परीक्षाही अशीच घेता येते. मौज अशी की, येथे वाजविण्याचे काम येणारी-जाणारी जहाजेच करतात!

जहाजाचा पंखा वेगाने फिरू लागला म्हणजे त्याच्या पात्यांवर असंख्य बुडबुडे उत्पन्न होतात व फुटतात. त्यात यंत्रांची घरघर मिसळते. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असतो. उथळ समुद्रात हा ध्वनी पृष्ठभाग व तळ यांवर आपटत पुढे जातो. तेव्हा तळ कशाचा आहे, यावर त्याचे पुढे काय होणार हे अवलंबून असते.

तळ वाळूचा आहे व त्यात ध्वनीचा वेग १७०० मीटर आहे, असे समजा. १५०० ÷ १७०० = ०.८८. ही कोसाइन सुमारे २८ अंशांची आहे. तळाशी याहून लहान कोन करून आलेला ध्वनी पूर्णपणे परावर्तित होतो. प्रकाशाच्या संपूर्ण आंतरिक परावर्तनासारखाच हा प्रकार आहे. मऊ चिखलात मात्र ध्वनीचा वेग पाण्यातल्यापेक्षा किंचित कमी असू शकतो. अशा वेळी ध्वनी चिखलात शिरतो आणि खालच्या वाळूवरून परततो.

चिखलाचा थर १० मीटर जाड व त्यातील वेग १४५० मीटर धरू. सरळ खाली जाऊन परत येण्यास ध्वनीला २० ÷ १४५०, म्हणजे सुमारे ०.०१४ सेकंद जास्त लागतात. थराच्या वरून व खालून परतलेले तरंग एकमेकांत मिसळले की काही कंप्रतांना ते परस्परांना बळ देतात, तर काहींना मारक ठरतात. हा क्रम १४५० ÷ २०, म्हणजे सुमारे ७२ हर्ट्‌झच्या अंतराने पुन्हा पुन्हा येतो. जहाज पुढे सरकते तसे कोन बदलतात आणि ध्वनीच्या आलेखावर तिरकस पट्टे उमटतात. या पट्ट्यांत तळाची माहिती दडलेली असते.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या दक्षिणेस, समुद्रबूड जमिनीवर चिखलाचा एक विस्तीर्ण पट्टा आहे. तेथे पाणी सुमारे ७५ मीटर खोल आहे. २०१७ साली शास्त्रज्ञांनी तेथे पाण्यात ध्वनिग्राहकांच्या माळा सोडून मालवाहू जहाजांचे आवाज टिपले. मोठी जहाजे आपले स्थान रेडिओने सतत कळवीत असल्यामुळे आवाज कोठून आला हे ठरविता येते. मग संगणक थराची जाडी व वेग यांच्या निरनिराळ्या किमती घेऊन पट्टे काढून पाहतो. मोजलेल्या पट्ट्यांशी जी जोडी उत्तम जुळेल, ती खरी मानायची.

पण येथे एक अडचण आहे. १० मीटर जाडी व १४५० मीटर वेग यांनी जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढाच १०.३५ मीटर जाडी व १५०० मीटर वेग यांनीही लागतो! म्हणून एकाच कोनातील ध्वनीवर विसंबून चालत नाही. जहाज दूर व जवळ असतानाच्या, तिरप्या व उभ्या ध्वनींची तुलना केली की खरी जोडी वेगळी काढता येते.

या पद्धतीत स्फोट घडवावे लागत नाहीत. त्यामुळे देवमाशांसारख्या, ध्वनीवर जगणाऱ्या प्राण्यांना नवा त्रास होत नाही.

आता तुम्ही सांगा: चिखलाचा थर ५ मीटरच जाड असेल, तर तो क्रम किती हर्ट्‌झच्या अंतराने येईल?