जुन्या जीपच्या मागील आसाचे बेअरिंग : पावसाळ्यापूर्वी करावयाची दुरुस्ती

महाड तालुक्यातील वीर हे गाव मुंबई–गोवा महामार्गावर वसलेले असून, १९९३ साली कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा सुरू झाल्यापासून आगगाडीनेही जोडले गेलेले आहे. तथापि महामार्ग सोडून वाड्यांकडे व शेतांकडे वळताच वाट ओढे, वहाळ आणि भातखाचरांच्या बांधांवरून जाते. अशा वाटेवर भाताची पोती, पेंढा किंवा खत वाहून नेण्यास जुनी जीपगाडी फार उपयोगी पडते. मुंबईत जीपगाड्यांची जुळणी १९४७ साली सुरू झाली व १९५२ साली समूह विकास योजनेचा आरंभ झाल्यानंतर विकासगटांच्या कामामुळे ही गाडी खेडोपाडी परिचित झाली. त्या घडणीच्या गाड्या काही शेतकऱ्यांकडे आजही चालू आहेत. त्यांच्या मागील आसाचे बेअरिंग वारंवार निकामी होते, अशी तक्रार आढळते. या तक्रारीचे मूळ बहुधा बेअरिंगमध्ये नसून आसात शिरणाऱ्या पाण्यात असते.

बेअरिंगचे कार्य

बैलगाडीचा आख स्थिर असतो आणि चाक त्याभोवती फिरते. जुन्या जीपच्या मागील बाजूस याहून निराळी रचना असते. तेथे पोकळ नळीतून जाणारा दांडा चाकासह फिरतो आणि नळीच्या टोकाशी बसविलेले एकच निमुळत्या रुळांचे बेअरिंग गाडीचा भार पेलते. ते मोडल्यास चाक दांड्यासह बाहेर सरकण्याचा धोका असतो. बेअरिंगच्या आतील बाजूस एक ऑईल सील डिफरन्शिअलमधील तेल अडविते. बाहेरील सील बेअरिंगचे ग्रीस ब्रेकपर्यंत जाऊ देत नाही. आतील सील फाटल्यास पातळ तेल ग्रीस धुऊन नेते, आणि पुढे तेच तेल ब्रेकच्या पट्ट्यांवर पसरते. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने किंवा महाडहून वरंधा घाटाने जाणाऱ्या भरलेल्या गाडीस असा ब्रेक प्राणघातक ठरू शकतो.

पाणी कसे शिरते

चालत्या गाडीचा आस तापतो व आतील हवा प्रसरण पावते. ती बाहेर जाण्यासाठी आसावर ब्रीदर नावाचे लहान छिद्र असते. तापलेला आस ओढ्याच्या थंड पाण्यात बुडाला की आतील हवा आकुंचन पावते. ब्रीदर चिखलाने बुजलेला असल्यास ती ओढ सीलवर पडते आणि त्याच्या कडेने पाणी आत घेतले जाते. त्या पाण्याने रुळांवर गंज चढतो, गंजाच्या जागी खड्डे पडतात व थोड्याच दिवसांत चाक गुणगुणू लागते. सावित्रीच्या खाडीची भरती जेथे पोहोचते तेथील खारट पाण्याने हा परिणाम अधिक त्वरेने होतो. जुलै २०२१ मध्ये महाड परिसरात आला तशा पुरात जी गाडी बुडते, तिचा आस तपासल्यावाचून ती पुन्हा चालवू नये.

दोषाची लक्षणे

चाक वर उचलून हाताने फिरवावे व वरखाली हलवून पाहावे. खरखर, स्पष्ट जाणवणारी हालचाल, थोड्या प्रवासानंतर फार तापणारा हब आणि ब्रेक ड्रमवर आलेले तेल ही दोषाची लक्षणे होत. डिफरन्शिअलचे तेल दुधाळ किंवा चहासारखे दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे.

बदलण्याची रीत

येथे दिलेली रीत निमुळत्या टोकाच्या दांड्यावर चावीने हब बसविलेल्या जीपची आहे. लष्करी जुन्या जीपमध्ये व काही नंतरच्या गाड्यांत रचना वेगळी असते. म्हणून आपल्या गाडीची पुस्तिका प्रथम पाहावी.

१. गाडी सपाट जागी उभी करून पुढील चाकांस दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. या गाड्यांचा हातब्रेक चाकावर नसून मागील चाकांकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर असतो. त्यामुळे एक मागील चाक उचलताच त्याचा आधार नाहीसा होतो. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये. आसाखाली भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत.

२. चाक जमिनीवर असतानाच आसाचा नट सैल करावा, परंतु पूर्ण काढू नये. हब एकाएकी सुटल्यास नट त्यास अडवितो. हब पुलरनेच काढावा. दांड्याच्या टोकावर हातोडा मारल्यास तो आघात बेअरिंगवर व दोन दांड्यांमधील ठोकळ्यावर बसतो.

३. ब्रेकची नळी सोडवून तिचे तोंड बंद करावे. नंतर बॅक प्लेटचे बोल्ट काढावेत. प्लेटमागील पातळ शिम नीट जपून, उजव्या व डाव्या बाजूच्या वेगळ्या ठेवाव्यात.

४. दांडा ओढून काढल्यावर बेअरिंग, त्याची बाहेरील कडी, सील व दांड्याचा निमुळता भाग तपासावा. चावीच्या खाचेजवळ तडा असल्यास तो दांडा पुन्हा वापरू नये.

५. जुने बेअरिंग छिन्नीने किंवा ज्योतीने न काढता कार्यशाळेतील प्रेसवर काढावे. नवे बसविताना दाब आतील कडीवरच द्यावा. रूळ व बाहेरील कडी ही जोडी एकत्रच बदलावी. रुळांच्या फटींत ग्रीस हाताने दाबून भरावे.

६. आतील सील नवे घालावे व त्याचे ओठ तेलाच्या बाजूस ठेवावे. सील तसेच ठेवून केवळ बेअरिंग बदलणे म्हणजे गळक्या छपराखाली नवे धान्य साठविणे होय.

७. दांडा बसवून शिमसह बॅक प्लेट आवळावी व दांड्याची लांबीच्या दिशेची ढिलाई मापकाने पाहावी. ही ढिलाई अगदी अल्प, सामान्यतः एक दशांश मिलिमीटरच्या आसपास, असते. नेमका आकडा पुस्तिकेतून घ्यावा. शिम वाढविल्यास ढिलाई वाढते, कमी केल्यास घटते. दोन्ही बाजूंच्या शिमांची जाडी शक्यतो सारखी ठेवावी. ढिलाई मुळीच न राहिल्यास बेअरिंग तापून जळते.

८. दांड्याचा निमुळता भाग कोरडा व स्वच्छ ठेवून, त्यास ग्रीस न लावता चावी व हब बसवावा आणि नट पूर्ण जोराने आवळावा. कॉटर पिनचे छिद्र न जुळल्यास नट आणखी आवळावा. सैल करून छिद्र जुळवू नये.

९. ब्रेकमधील हवा काढावी, डिफरन्शिअलमध्ये योग्य तेल भरावे व ब्रीदर मोकळा करावा. काही मैल गाडी चालवून दोन्ही हबांची उष्णता पडताळावी व नट पुन्हा तपासावा.

नित्याची काळजी

हे काम वैशाखात, गावोगावचे ओढे कोरडे असतानाच उरकावे. पावसाळ्यात ओढा ओलांडण्यापूर्वी गाडी थोडा वेळ थांबवून आस निवू द्यावा. आस पाण्यात बुडाल्याची शंका आल्यास गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी तळाचा बूच किंचित सैल करावा. आत पाणी असल्यास ते तेलाआधी बाहेर येते. असे आढळल्यास तेल त्वरित बदलावे व सील तपासून घ्यावे. बेअरिंग तुटण्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यास गाडी, माल आणि भाताच्या लावणीचे मोलाचे दिवस गमवावे लागतात. पाण्यास वेळीच अडविणाऱ्याचे बेअरिंग मात्र दीर्घकाळ चालते.